वन्संचा गहू आणि पाहुण्यांची तारीख

"अगदी शांतपणे गेल्या त्या," परळच्या रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, आणि रडू यायच्या आधी मला राग आला. शांतपणे? आमच्या वन्सं? भाजीवाल्यापासून बँक मॅनेजरपर्यंत ज्यांनी कुणालाही चुकीचं बोलून सुखानं घरी जाऊ दिलं नाही, त्या? दोन दिवस आधीच त्यांनी सलाइन लावणाऱ्या नर्सला सुनावलं होतं, "अगं, एवढ्या जोरात सोडू नकोस. जिरायला वेळ दे जरा." ती पोरगी बिचारी गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. आता हिला कसं सांगणार, की ही बाई जन्मभर गव्हाला पाणी पाजत आली आहे आणि पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं, यावरून तिनं अख्ख्या पाटबंधारे खात्याशी वैर घेतलं आहे... सप्टेंबर संपत आला होता. डॉक्टरबाई भल्या होत्या, त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण तो 'शांतपणे' शब्द मला तेव्हाही खुपला आणि आता दोन महिने होत आले तरी खुपतोच आहे, कारण गेल्यानंतर वन्संना जो तो शांत करायलाच निघाला आहे.

वन्सं म्हणजे विजया, माझ्या नवऱ्याची, अरुणची, मोठी बहीण. मला वन्सं म्हणू नकोस, फार जुनाट वाटतं, असं त्यांनी लग्नाच्या दिवशीच बजावलं होतं, म्हणून मी मुद्दाम म्हणायला लागले आणि मग तेच कायम झालं. गिरणीत साचे चालवणाऱ्या बापाची ही पोर, परळच्या चाळीत वाढलेली, पायाखाली कायम फरशी. गावी कोकणात जी काही शेती होती ती भाताची, आभाळाच्या भरवशावर. डॉक्टर व्हायचं होतं, मार्क थोडक्यात कमी पडले आणि कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तेव्हा त्या म्हणे आठवडाभर घरात कुणाशी बोलल्या नव्हत्या. तिथून पुढे जे शेतीचं वेड लागलं ते शेवटपर्यंत. नोकरी लागली ती दूर, घाटावरच्या एका कालव्याच्या काठी, पिकांच्या संशोधन केंद्रात. काम एकच, आणि ते त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं: बागायती गहू कधी पेरला तर कमी पाण्यात जास्त पिकतो, हे शोधायचं.

माझ्या लग्नानंतरची पहिली भाऊबीज मला लख्ख आठवते. अरुण आंघोळ करून, नवा सदरा घालून पाटावर बसलेला, ताटात निरांजन तयार, आणि ओवाळायला बहीणच नाही. दिवाळी थोडी मागेपुढे झाली तरी तिकडे गव्हाची पेरणी नेमकी त्याच सुमाराला यायची आणि वन्सं काही शेत सोडायच्या नाहीत. सासूबाई स्वयंपाकघरातून करवादल्या, "ह्या चेडवाक भावापेक्षा गहू मोठो!" अरुण मुकाट्यानं पाटावरून उठला आणि करंजी खात बसला. मला नवीन नवरीला वाटलं, काय विचित्र बाई आहे ही. तीनेक आठवड्यांनी वन्सं आल्या, उन्हानं काळवंडलेल्या, खांद्यावरच्या पिशवीत केंद्राचा गहू. आल्या आल्या त्यांनी अरुणला धरून पाटावर बसवलं आणि ओवाळलं. मी जरा टोचूनच म्हटलं, "वन्सं, एवढ्या उशिरा?" त्या हसल्या. "अगं, ओवाळणं उशिरा चालतं. पेरणं नाही चालत." मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवायचे. 'रब्बी पिके हिवाळ्यात घेतली जातात' हे वाक्य मी मुलांकडून घोकून घेतलं होतं, पण हिवाळ्यात म्हणजे नेमकं कधी, हा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता.

तो पडला त्यांच्या केंद्रावर गेल्यावर. एका फेब्रुवारीत शाळेला चार सुट्ट्या जोडून आल्या तेव्हा मी आणि अरुण तिकडे गेलो. वन्संनी चहासुद्धा न देता आम्हाला थेट शेतात नेलं. शेजारी शेजारी दोन तुकडे होते. बियाणं तेच, खत तेच, माती तीच. एक तुकडा नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरलेला, दुसरा डिसेंबर लागल्यावर. पहिल्यातल्या ओंब्या भरून जड झालेल्या, पिवळेपणा चढायला लागलेला. दुसरा अजून हिरवा, आणि दुपारच्या उन्हात माना टाकून उभा. वन्संनी दोन्हीकडची एकेक ओंबी माझ्या तळहातावर चोळली. पहिलीचा दाणा टणक, टपोरा. दुसरीचा नखानं दाबला तर दूध आलं. "आता कुठे ह्याची ओंबी पोटरीतून, पानाच्या खोळीतून, बाहेर आलीय आणि वर ऊन तापलंय," त्या म्हणाल्या, "ह्याला आता एक पाणी जादा द्यावं लागणार. देऊनही दाणा चिमणार तो चिमणारच. म्हणजे पाणी जास्त प्यायचं आणि पीक कमी द्यायचं. आणि ह्याचा गुन्हा काय? महिनाभर उशिरा पेरला, बस्स."

मग त्यांनी बांधावर बसवून मला गव्हाचं सगळं बाळंतपण सांगितलं. गव्हाला थंडी लागते. कोवळा असताना थंडी मिळाली की एकेका रोपाला बाजूनं फुटवे येतात, जितके फुटवे तितक्या ओंब्या. दाणा भरतानाही गारवा हवा, म्हणजे तो सावकाश, पोटभर भरतो. आपल्याकडे थंडी ती केवढी, चिमूटभर. वेळेवर पेरलेला गहू ती पुरवून पुरवून वापरतो. उशिरा पेरला की सुरुवातीचे थंडीचे दिवस फुकट जातात आणि शेवट उन्हाच्या तोंडी सापडतो. ते जे गेलं ते मग पाण्यानं भरून काढायला बघायचं, जे भरून येत नाही. एवढं साधं होतं. मला भूगोलाच्या बाईला पाच मिनिटांत कळलं, अरुणला, जो आयुष्यभर विम्याच्या कचेरीत बसला, त्याला कळलं. म्हणून मी अगदी बावळटासारखं विचारलं, "मग लोक लवकर का नाही पेरत?"

वन्संचा चेहरा तेव्हा जो झाला तो मी विसरणार नाही. त्यांनी कुंपणापलीकडे बोट केलं. केंद्राला स्वतःची विहीर होती, म्हणून त्यांची पेरणी त्यांच्या हातात. पलीकडची सगळी शेतं कालव्यावर. नांगरून, कुळवून ऑक्टोबरातच तयार असायची आणि कोरडीच पडून राहायची. आधी पाणी मिळणार, जमीन भिजणार, मग पाय रुतणार नाही इतपत वाळून वापसा येणार, तेव्हा कुठे पेरणी. आणि पाणी का नाही? धरण तर भरलेलं. तर हंगामाचं पहिलं पाणी सोडण्याचा तिथे समारंभ असायचा. कालव्याच्या दाराशी मांडव, पाण्याला साडीचोळी, नारळ, सनई, भाषणं, आणि दाराचं चाक फिरवायला मोठे पाहुणे. पाहुण्यांची तारीख मिळेपर्यंत चाकाला कुणी हात लावायचा नाही. तारीख कधी नोव्हेंबरच्या अखेरीला मिळायची, कधी डिसेंबर उजाडायचा. शेतकऱ्यांना काय कळत नव्हतं? त्यांना वन्संच्या आधीपासून कळत होतं. पण चाक त्यांच्या हातात नव्हतं. वन्संनी त्यांच्या साहेबांना दर वर्षी सांगितलं, की ज्या प्रश्नाचं उत्तर शोधायला तुम्ही मला पगार देता ते उत्तर तिथे कालव्याच्या दारात मांडव घालून बसलंय. साहेब हसून म्हणायचे, "बाई, पाणी धरणात आहे. कुठे पळून चाललंय का?" आणि वन्सं म्हणायच्या, "पाणी नाही पळत साहेब, थंडी पळते."

साहेबांना हे वाक्य इतकं आवडलं, की ते पुढे स्वतःच्या भाषणात वापरायला लागले. समारंभात! महिनाभर थांबवून ठेवलेल्या पाण्यासमोर उभं राहून! हे वन्संनी मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी आमच्या ओट्याशी पुऱ्या लाटत होतो आणि माझ्या हातून पोळपाटावर लाटणं एवढ्या जोरात आपटलं की अरुण बाहेरून धावत आला.

एका वर्षी मात्र वन्संच्या सहनशक्तीचा कडेलोट झाला. समारंभात त्यांना आयत्या वेळी दोन शब्द बोलायला सांगितलं गेलं, बाई माणूस व्यासपीठावर दिसावं म्हणून. त्या उठल्या आणि माइकमध्ये म्हणाल्या, "हा नारळ महिन्यापूर्वी फुटायला हवा होता. आज इथे जेवढे हार आलेत तेवढी पोती यंदा कमी भरणार आहेत." पाहुणे खो खो हसले. म्हणाले, "ताई मुंबईच्या ना! मुंबईच्या माणसाला सगळ्याचीच घाई!" आणि सगळा मांडव हसला. मंचावरचे हसले, त्यांचे साहेब हसले, फोटोवाले हसले. पाहुण्यांनी चाक फिरवलं, पाणी सुटलं, टाळ्या. वन्सं सांगायच्या, मागच्या रांगेत बसलेले शेतकरी मात्र हसले नाहीत. पुढच्या वर्षीपासून वन्संना व्यासपीठावर कुणी बोलावलं नाही. बढती यायची होती ती आली नाही. मी म्हटलं, "वन्सं, लाथ मारा त्या नोकरीला, इकडे या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काहीतरी अश्लील बोलले. "मी आले तर तिथे हे बोलणारं राहील कोण?" अशी ही बाई. आणि हिला शांत म्हणतात.

निवृत्तीनंतर त्या आमच्याकडे राहायला आल्या. चाळीची इमारत झाली होती, त्यांना खिडकीची खोली मिळाली. तिथेही स्वस्थ बसल्या नाहीत. लालबागला मसाल्याला जायचं निघालं की वाटेतल्या वाण्याकडे थांबून गव्हाच्या पोत्यात हात घालायच्या, चार दाणे तळहातावर घेऊन बघायच्या आणि जाहीर करायच्या, "हा उशिराचा." वाणी वैतागायचा, "ताई, तुम्ही गिऱ्हाइकं पळवताय माझी!" मी त्यांना ओढत बाहेर काढायचे. हसू यायचं मला, लाजही वाटायची. वन्संना नुसता राग यायचा. त्यांना तळहातावरच्या त्या चिमलेल्या दाण्यात मांडव दिसायचा, हार दिसायचे.

आता मुद्द्यावर येते, कारण हे सगळं मी आठवणींचा उमाळा आला म्हणून लिहीत नाहीये. वन्सं गेल्यावर दादरच्या एका सभागृहात शोकसभा झाली. फोटोला हार, पुढे उदबत्ती. त्यांचे ते साहेब, आता खूप थकलेले, काठी टेकत आले आणि बोलले. विजयाबाई म्हणजे शांत, निगर्वी तपस्विनी, पाण्याशी त्यांचं आईसारखं नातं... असं बरंच. मी ऐकून घेतलं. शोकसभेत माणसं खोटं बोलतात, ते चालतं. पण मग पाटबंधारे खात्याचे एक अधिकारी उठले आणि त्यांनी घोषणा केली: यंदा रब्बीचं पहिलं पाणी विजयाबाईंच्या स्मरणार्थ सोडण्यात येईल. समारंभ भव्य होईल, कुटुंबीयांचा सत्कार होईल, चाक फिरवायला स्वतः मोठे पाहुणे येणार आहेत. त्यांची तारीख मिळाली की कळवू.

सभागृहात टाळ्या पडल्या. मी शेजारी पाहिलं तर अरुण रुमालानं डोळे पुसत होता. त्याला खरंच बरं वाटलं होतं. जिच्यासाठी तो पाटावर वाट बघत बसून राहिला, त्याच्या त्या बहिणीचं नाव शेवटी कुणीतरी मोठ्यानं घेतलं होतं. त्याच्या तोंडाकडे बघून मी गप्प बसले. वाटलं, बघू, यंदा तरी लवकर करतील. निदान तिच्या नावाचा समारंभ तरी.

दिवाळी आली. फोन आला, तारीख ठरतेय. भाऊबीज झाली. पाहुणे दौऱ्यावर आहेत. मग पाहुण्यांच्या घरी कार्य आहे. दर वेळी तेच अधिकारी, अतिशय गोड आवाजात, "काकू, जरा धीर धरा, तुमच्यासाठी गाडी पाठवणार आहोत." गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारला, "पाणी सोडलंत का?"

"नाही ना काकू, कसं सोडणार? मॅडमच्या नावाच्या कार्यक्रमासाठीच तर थांबवलंय!"

त्याला वाटलं मला आनंद होईल. मी फोन बंद करून टाकला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळायला लागले. अरुण आत आला. आमचं भांडण झालं, मोठं झालं. तो म्हणाला, "अगं, जन्मभर तिला कुणी विचारलं नाही. आता तिच्या नावाचा फलक लागतोय, तर तू त्यातही खोट काढतेस?" मी म्हटलं, "अरुण, तिथली शेतं कोरडी पडली आहेत. वन्संच्या नावानं." तो बाहेर जाऊन टीव्ही लावून बसला, आवाज बंद ठेवून. बऱ्याच वेळानं त्यानं मला हाक मारली आणि तो नंबर लावून द्यायला सांगितला. माझा नवरा म्हणजे चुकीचं आलेलं वीजबिलही मुकाट भरून टाकणारा माणूस. त्यानं फोन कानाला लावला आणि म्हणाला, "मी विजयाचा भाऊ बोलतोय. तिचं नाव काढून टाका. आणि पाणी आज सोडा." पलीकडून काहीतरी समजावणं सुरू झालं. अरुण ऐकत राहिला. मग म्हणाला, "नाही, तुम्ही ऐका. मला गाडी नको, सत्कार नको. तुम्ही तिच्याच नावानं तिच्या तोंडावर..." आणि त्यानं फोन माझ्यापुढे धरला. फोन मी घेतला. अधिकारी म्हणत होते, "काकू, काकांना सांगा, भावना समजते. पण फलक छापून झालेत, निमंत्रणं गेलीत. आणि एवढी काय घाई आहे? धरण भरलेलं आहे यंदा."

म्हणून हे लिहिते आहे, आणि संपादकांनी छापायचं कबूल केलं म्हणून त्यांचे आभार. विजयाच्या नावानं पाणी अडवून ठेवायला आम्हा दोघांची, तिच्या भावाची आणि भावजयीची, परवानगी नाही. फलक छापले असतील तर रद्दीत घाला. तुम्हाला तिचं स्मरण करायचंय ना, मग एक काम करा. पुढच्या वर्षापासून पेरणीसाठी जमीन तयार झाली की कुणाही कर्मचाऱ्याला सांगा, चाक फिरव. नारळ नको, सनई नको, आम्ही नको. पाहुण्यांना हवं तर नंतर सवडीनं बोलवा आणि वाहत्या पाण्यात साडी सोडायला सांगा, तशीही ती भिजणारच आहे. यंदाचं तर गेलंच. यंदा तिकडे जो गहू पेरला जाईल तो फाल्गुनात एक पाणी जादा मागेल, ते त्याला कदाचित मिळणारही नाही, आणि त्या ओंबीतल्या चिमलेल्या दाण्याचं खापर कुणी पाहुण्यांवर फोडणार नाही. हवामान बदललंय म्हणतील. तेही खरंच असेल, पण मग तर वेळेवर पेरायला आणखीच हवं, हे एवढ्या शिकलेल्या माणसांना मी, दादर-परळच्या बाहेर फारशी न गेलेल्या बाईनं सांगायचं का?

आज सकाळी वन्संच्या खोलीत झाडायला गेले. खोली आहे तशीच आहे, खाटेवर त्यांचा घडी घातलेला पलंगपोस, उशाला चष्मा. खिडकीतून वारा आला आणि अंगावर शहारा आला. आमच्या मुंबईत थंडी म्हणजे नावालाच, पण आली होती. पायाला फरशी गार लागली. मागे अरुण येऊन उभा राहिला होता, दोन्ही हात काखेत धरून. "थंडी पडली गं तिकडे," एवढंच तो म्हणाला. मी खाटेच्या कडेवर बसले. "ती असती तर आता शिव्या घालत बसली असती," तो म्हणाला. मग मी घातल्या. साहेबांना, अधिकाऱ्याला, पाहुण्यांना, टाळ्या वाजवणाऱ्या त्या सगळ्या सभागृहाला, जेवढ्या येत होत्या तेवढ्या, खड्या आवाजात. एरवी मी आवाज चढवला की अरुण म्हणतो, हळू, शेजारी ऐकतील. आज त्यानं पुढे होऊन खिडकीचं दुसरं दारही उघडलं.